नागपुरात तीन-चार किरायदारांचं घर विकत घ्यायचं असेल तर

आमच्या पहिल्या घराची फाईल बँकेत गेली तेव्हा व्हॅल्युअर, म्हणजे बँकेसाठी घराची किंमत ठरवणारा माणूस, तासभर घर बघून गेला. चार दिवसांनी त्याचा अहवाल आला. त्यात तळमजला होता, पहिला माळा होता, दुसरा माळा नव्हता. मंजूर नकाशात तो नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली होती. त्या माळ्यावर दोन बिऱ्हाडं राहत होती आणि दर महिन्याला किराया देत होती. आम्ही बयाणा, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देऊन बसलो होतो. बँकेनं कर्जाची रक्कम सहा लाखांनी कमी केली आणि ती भर घालायला वहिनीचं सोनं गहाण ठेवावं लागलं. घर आजही आमच्याकडे आहे, सोनंही सोडवून आणलं. पण त्या तीन आठवड्यांत भावाला आणि मला रात्रीची झोप नव्हती.

घरमालक किंमत सांगतो ती अख्ख्या घराची. बँक, मनपा आणि कायदा मात्र मंजूर झालेल्या भागालाच घर मानतात. नवखा माणूस घर बघायला जातो तो थेट किरायाचा हिशेब मांडतो: तीन ब्लॉक, इतका किराया, इतका हप्ता. माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी पाणी आणि वीज बघा, मग कागद, मग किराया, आणि किंमतीवर सगळ्यात शेवटी बोला.

हा लेख फ्लॅट स्कीममधल्या फ्लॅटबद्दल नाही. हजार-पंधराशे फुटांच्या प्लॉटवर बांधलेलं स्वतंत्र घर, तळमजला आणि वर एक-दोन माळे, त्यात तीन ते पाच बिऱ्हाडं, अशा घराबद्दल आहे. मानेवाडा, नंदनवन, त्रिमूर्तीनगर, जयताळा, जरीपटका, हुडकेश्वर या सगळ्या भागांत अशी घरं गल्लीगल्लीत आहेत.

आधी किरायदार ठरवा, मग वस्ती

"कोणत्या एरियात घेऊ?" हा पहिला प्रश्न असतो. त्याच्या आधी विचारा, माझ्या घरात राहणार कोण? मेडिकल चौकाच्या आसपास शिकणारी मुलं, रेसिडेंट डॉक्टर, नर्सेस आणि रुग्णांचे नातेवाईक असतात. तिथं एक-एक खोलीचीही मागणी असते, पण माणसं सतत बदलतात. बजाजनगर, अभ्यंकरनगरकडे व्हीएनआयटीमुळे विद्यार्थी आणि शिक्षक येतात, पण जमिनीचा भाव एवढा आहे की किराया त्याच्या जवळपासही पोचत नाही. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात नोकरी करणारे मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, सोमलवाडा शोधतात. त्यांना दोन बेडरूम, पार्किंग आणि इंटरनेट लागतं. हिंगणा एमआयडीसीतले कामगार आणि त्या रस्त्यावरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतली मुलं वानाडोंगरी, लोकमान्यनगर, जयताळ्याकडे राहतात.

मेट्रोचा विचार जरूर करा, पण पाय जमिनीवर ठेवून. ऑरेंज लाईन ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत आणि अॅक्वा लाईन लोकमान्यनगरपासून प्रजापतीनगरपर्यंत धावते. स्टेशनपासून दहा मिनिटं चालत असलेलं घर आणि 'मेट्रोजवळ' म्हणून विकलं जाणारं घर यांत फरक असतो. स्वतः चालून बघा, तेही दुपारी. आपल्याकडच्या मे महिन्यात दोन किलोमीटर कोणी चालत जात नाही.

नवख्यानं दोनच वस्त्या निवडाव्यात, आणि त्यांतली एक आपल्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत असावी. मोटर जळते ती रविवारी रात्री. नळ फुटतो तेव्हा तुम्हालाच जावं लागतं. पहिल्या दोन वर्षांत घर सांभाळायचं काम स्वतः केलं नाही तर खर्च कुठं होतो हे कळतच नाही.

शोध पायी करा

ऑनलाइन जाहिराती बघायला हरकत नाही, त्यातून विचारले जाणारे भाव कळतात. पण चांगली घरं बहुतेक वेळा जाहिरातीपर्यंत पोचत नाहीत. ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला, पाणठेल्यावाल्याला, इस्त्रीवाल्याला माहीत असतात. रविवारी सकाळी वस्तीत फिरा, 'किरायाने देणे आहे' अशा पाट्या मोजा. पाट्या खूप दिसल्या तर विचार करा की ब्लॉक रिकामे का आहेत. पाट्याच नसतील तर दुकानदाराला विचारा, "काका, इथं रूम मिळते का?" तो लगेच दोन पत्ते सांगेल किंवा म्हणेल, "इथं खालीच नाही राहत बाप्पा." दुसरं उत्तर तुमच्या कामाचं, म्हणजे तिथं रूम रिकामी पडत नाही.

विकायला कोण काढतं हेही बघा. आपल्याकडे अशी घरं बरेचदा म्हातारे आईवडील गेल्यावर निघतात. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला, घर बघायला कोणी नाही. अशा घरांचा भाव बोलण्यासारखा असतो, पण तिथं एक अट सोडू नका: सगळे वारस सहीला हवेत, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसह. "ताईचं काही म्हणणं नाही" हे तोंडी चालत नाही. ताईचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर विक्रीपत्रावर तिची सही.

दलाल नेमलात तर त्याची दलाली आधीच ठरवा आणि रजिस्ट्रीनंतरच द्या. बँकांच्या लिलावातली घरं स्वस्त दिसतात, पण आत राहणारा माणूस बाहेर काढायची जबाबदारी बरेचदा घेणाऱ्यावर येते. पहिल्या खरेदीत त्या वाटेला जाऊ नका.

आणि वहीत लिहा. किमान वीस घरं बघेपर्यंत बयाण्याचा विषय काढू नका. प्रत्येक घराचा प्लॉट किती, बांधकाम किती, किराया किती, मीटर किती, मागणी किती, एवढं एका ओळीत. पंधराव्या घरानंतर मागितलेला भाव जास्त आहे की कमी, हे तुम्हाला कोणाला विचारावं लागत नाही.

पाणी, वीज आणि ऊन

घर पहिल्यांदा दुपारी बघा आणि दुसऱ्यांदा नळ येण्याच्या वेळेला. शहराचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं, पण शेवटच्या गल्लीतल्या नळाला दाब किती हे तिथं उभं राहूनच कळतं. मी जयताळ्याकडे एक घर बघत होतो. कागद नीट होते, भावही बरा होता. सकाळी सहाला गेलो तर तळमजल्यावरच्या काकू जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडून बसल्या होत्या. नळातून करंगळीएवढी धार येत होती. मी विचारलं, "काकू, एवढ्यात पुरते का?" त्या म्हणाल्या, "हिवाळ्यात पुरते. मे महिन्यात वरच्यांचे कूलर सुरू झाले की मग टँकर." त्या घरात चार बिऱ्हाडं होती, म्हणजे चार कूलर. कूलर दिवसाला किती पाणी पितो हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. आम्ही ते घर सोडलं.

बोअरवेल असेल तर किती फूट खोल आहे आणि उन्हाळ्यात किती वेळ चालते, हे मालकाला विचारण्यापेक्षा किरायदाराला विचारा. टाक्या मोजा. बेसा-पिपळा किंवा हुडकेश्वरच्या पुढं जात असाल तर नळाची जोडणी आहे की फक्त आश्वासन, आणि गडरलाईन आहे की सेप्टिक टँक, तेही बघा. पाच बिऱ्हाडांचा सेप्टिक टँक लहान असला की पावसाळ्यात अंगणात उभं राहवत नाही.

मग वीज. महावितरणचा दर वापराबरोबर चढत जातो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्याच्या वर आणखी महाग. एका मीटरवर तीन बिऱ्हाडं असली की सगळ्यांचा वापर एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातो. वेगळे मीटर असते तर प्रत्येक जण स्वस्त टप्प्यात राहिला असता. त्यात सबमीटरवरून दर महिन्याला भांडण ते वेगळंच. म्हणून प्रत्येक ब्लॉकला महावितरणचं स्वतंत्र मीटर आहे का, हा माझा दारात उभं राहून पहिला प्रश्न असतो. जिन्याखाली मीटरबोर्ड असतो, मोजून घ्या. जिना, मोटर आणि अंगणातला दिवा कोणाच्या मीटरवर आहेत तेही विचारा. मागची बिलं मागा. त्यावरून थकबाकी कळते आणि ब्लॉक खरंच भरलेला होता का हेही कळतं. ज्या महिन्यात वीस युनिट जळले त्या महिन्यात तिथं कोणी राहत नव्हतं, मालक काहीही सांगो.

सगळ्यात वरच्या माळ्यावर दुपारी तीनला जा आणि छताला हात लावा. ४५ अंशांच्या दिवसांत उघडा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. वरचा किरायदार एप्रिलमध्ये येतो आणि जूनमध्ये जातो, त्यामागचं कारण बहुतेक वेळा हेच. गच्चीवर चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा थर, वर पत्र्याचं शेड, खिडकीला कूलर बसायची जागा आणि तिथं पाण्याची लाईन, एवढं असलं की तो माळा टिकतो. नसेल तर तो खर्च किंमतीतून वजा करा.

पुराचंही बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या मानल्या जाणाऱ्या वस्त्यांत घरात कमरेएवढं पाणी शिरलं. नाग, पिवळी किंवा पोरा नदीच्या आणि मोठ्या नाल्याच्या जवळचं घर असेल तर शेजाऱ्याला त्या सकाळबद्दल विचारा. भिंतीवरची पाण्याची रेघ रंगवून झाकता येते, शेजाऱ्याची आठवण झाकता येत नाही.

भिंती आणि स्लॅब

हे काम स्ट्रक्चरल इंजिनीअरचं आहे, त्याची फी मोजा. तोवर स्वतः इतकं बघा: शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या भेगा दिसल्या तर पाया हलतोय का ते इंजिनीअरला दाखवा. संडास-बाथरूमखालचा स्लॅब बघा. छपाई फुगली असेल, गजांच्या रेषेत तांबूस डाग दिसत असतील, तर आत लोखंड गंजतंय. दोन माळ्यांसाठी बांधलेल्या घरावर नंतर तिसरा चढवला आहे का, हे खालचे कॉलम बघून इंजिनीअर सांगतो.

किरायाचा खरा आकडा

मालक सांगतो तो किराया आणि किरायदार देतो तो किराया, दोन्ही विचारा. शक्य असेल तर बँकेच्या खात्यातली नोंद बघा. शेजारच्या तीन घरांत तसाच ब्लॉक केवढ्याला जातो तेही काढा. घर विकायच्या आधी ओळखीच्या माणसाला जास्त किरायावर बसवलेलं मी पाहिलं आहे. रजिस्ट्री झाल्यावर दोन महिन्यांत तो गेला.

आता आकडे मांडू. हे उदाहरणापुरते धरलेले आहेत, तुमच्या घराचे तुम्ही घाला. समजा घराची मागणी ८० लाख आहे. मुद्रांक शुल्क अधिभारांसह सुमारे सात टक्के धरलं तर ५ लाख ६० हजार, नोंदणी शुल्क कमाल मर्यादेनं ३० हजार, दलाली एक टक्का म्हणजे ८० हजार, वकील आणि इंजिनीअर २० हजार, ताबा घेतल्यावरची दुरुस्ती अडीच लाख. घर ८० लाखांचं नाही, ८९ लाख ४० हजारांचं झालं. निवासी घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट मिळते, ती घ्या.

किराया: तळमजला ११ हजार, पहिला माळा १० हजार, वरच्या दोन रूम-किचनचे प्रत्येकी साडेपाच हजार. महिन्याला ३२ हजार, वर्षाला ३ लाख ८४ हजार. यातून प्रत्येक ब्लॉक वर्षातून एक महिना रिकामा राहील असं धरून ३२ हजार काढा. राहिले ३ लाख ५२ हजार. मालमत्ता कर १४ हजार, रंग-नळ-मोटर अशी किरकोळ दुरुस्ती ३५ हजार, जिन्याची आणि मोटरची वीज १० हजार, पाण्याचं बिल ८ हजार, विमा ४ हजार, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी दरवर्षी बाजूला ठेवायचे १२ हजार. एकूण खर्च ८३ हजार. हातात २ लाख ६९ हजार. गुंतवलेल्या ८९ लाख ४० हजारांवर हे तीन टक्के होतात.

कर्ज घेतलंत तर? ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ४३ हजार ४००, वर्षाला ५ लाख २१ हजारांच्या आसपास. किरायातून हातात येतात २ लाख ६९ हजार. म्हणजे दर महिन्याला सुमारे २१ हजार रुपये पगारातून घालावे लागतील. "किरायातून हप्ता निघून जाईल" हे वाक्य दलालाच्या तोंडी असतं. ते खरं धरून कर्ज घेऊ नका. पगारातले २१ हजार वीस वर्षं जाऊ शकतात का, घरात आजारपण आलं, नोकरी गेली तर काय, हे बायकोसोबत बसून ठरवा.

हेच गणित उलटं करून बघा. मला निव्वळ चार टक्के हवेत असं ठरवलं, तर २ लाख ६९ हजारांसाठी एकूण गुंतवणूक ६७ लाखांच्या आसपास हवी. त्यातून शुल्क, दलाली, दुरुस्ती वजा केली की घराची किंमत येते साधारण ६० लाख. हा तुमचा आकडा. मालक ८० वरून ६० वर येणार नाही, बहुतेक वेळा. पण आता तुम्हाला माहीत आहे की वरचे २० लाख तुम्ही किरायासाठी देत नाही, जमिनीचा भाव वाढेल या आशेवर देताय. ती आशा चुकीची असेलच असं नाही. १५०० फुटांच्या प्लॉटला चार हजार रुपये फूट भाव असेल तर ६० लाखांची जमीनच आहे, आणि जुन्या बांधकामाची किंमत दरवर्षी उतरतच जाते. फक्त किरायाचा पैसा आणि जमिनीचा पैसा वेगळे लिहा. एकत्र लिहिले की सगळं घर फायद्याचं दिसतं.

स्वतः एका माळ्यावर राहणार असाल तर चित्र बदलतं. सध्या तुम्ही दुसरीकडे ११ हजार किराया भरत असाल तर तो वाचतो, आणि घरावर नजर राहते. पहिल्या खरेदीसाठी मला हाच मार्ग सगळ्यात सुरक्षित वाटतो. आम्हीही तळमजल्यावर सहा वर्षं राहिलो. कोणता किरायदार वेळेवर पैसे देतो, कोणता नळ रात्रभर ठिबकतो, सगळं तिथंच शिकलो.

आयकरात मिळालेल्या किरायातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते आणि किरायानं दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याजही वजा होतं. त्यानंतर तोटा दिसला तर जुन्या करपद्धतीत तो पगारातून वर्षाला दोन लाखांपर्यंत वजा करता येतो, नव्या पद्धतीत येत नाही. करवजावटीसाठी घर घेतोय असं म्हणणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

कागद

नागपुरात प्लॉटचा जन्म कसा झाला यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून पहिला प्रश्न: हा प्लॉट कोणाचा? उत्तर चारपैकी एक येतं.

नागपूर सुधार प्रन्यासच्या स्वतःच्या योजनेतला असेल तर तो पट्ट्यावर, म्हणजे लीजवर असतो. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण झालं का, भुईभाडं भरलं का आणि हस्तांतरणासाठी प्रन्यासची परवानगी हे बघायचं. नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीवरचा असेल, तर तीच चौकशी शासनाच्या पट्ट्यासाठी करायची. काही ठिकाणी मूळ पट्टा कधीच संपलेला असतो आणि राहणाऱ्यालाही ते माहीत नसतं. तिसरा प्रकार खासगी लेआऊटचा, आणि आपल्या बहुतेक वस्त्या यातच येतात. शेतजमिनीवर सोसायटीनं किंवा मालकानं प्लॉट पाडले, घरं झाली, परवानगी मागाहून. '५७२ लेआऊट' आणि '१९०० लेआऊट' हे शब्द तुम्ही ऐकले असतील, ते यातलेच. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली असे प्लॉट नियमित होतात आणि नियमितीकरणाचं पत्र मिळतं, त्यालाच आपण आरएल म्हणतो. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला ही संधी मिळाली. चौथा प्रकार शहराच्या कडेला, जुन्या ग्रामपंचायतीतल्या लेआऊटचा, जिथं आता महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा संबंध येतो. तिथं अकृषक आदेश आणि मंजूर लेआऊट मागा. ग्रामपंचायतीचा शिक्का असलेला नकाशा बघून समाधान मानू नका.

आरएल हातात घेऊन वाचा. बरेच जण 'आरएल आहे' एवढं ऐकून पुढं जातात. त्यावर प्लॉट नंबर, खसरा नंबर आणि क्षेत्रफळ विक्रीपत्राशी जुळतं का? विकास शुल्काची डिमांड पूर्ण भरली का, पावत्या आहेत का? पत्र आताच्या मालकाच्या नावानं आहे की दोन मालक आधीच्या? शहराच्या विकास आराखड्यात प्लॉटवर मैदान, शाळा किंवा रस्त्याचं आरक्षण आहे का, यासाठी भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. आरक्षण असलेल्या प्लॉटचं आरएल अडकतं, आणि अशी घरं नेमकी स्वस्त मिळतात.

मग बांधकाम. मंजूर नकाशा घ्या, इंजिनीअरला सोबत न्या, आणि प्रत्येक माळा, प्रत्येक बाजूची मोकळी जागा फीत लावून मोजा. आमची चूक इथंच झाली. मालकानं आम्हाला मालमत्ता कराची पावती दाखवली, तिच्यात तिन्ही माळ्यांचा कर लागलेला होता, आणि आम्हाला वाटलं मनपा कर घेते म्हणजे मान्यता आहे. कराची पावती मालकी सिद्ध करत नाही आणि बांधकामाची परवानगीही सिद्ध करत नाही. मनपा अनधिकृत बांधकामावरही कर लावते. पावतीवर शास्तीचा (दंडाचा) रकाना असेल तर तो नीट वाचा, त्यातच उत्तर असतं. वरचा माळा मंजूर नसेल तर तो नियमित होऊ शकतो का आणि किती खर्च येईल हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या. होत नसेल तर त्या माळ्याची किंमत देऊ नका, किरायाच्या हिशेबातही धरू नका.

आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा ताजा काढा. मालकी हक्काची साखळी किमान ३० वर्षांची वकिलाकडून तपासून घ्या. ऑनलाइन शोधात सगळे जुने दस्त मिळतीलच असं नाही, दुय्यम निबंधक कार्यालयातली फी आणि वकिलाचे हेलपाटे वाचवू नका. मूळ दस्त बघा, झेरॉक्स नको. मूळ विक्रीपत्र 'बँकेच्या लॉकरमध्ये आहे' असं म्हणाले तर ते लॉकरमध्ये आहे की गहाण आहे, हे त्या बँकेत जाऊन विचारा. वकिलामार्फत मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या, हरकतींसाठी पंधरा दिवस ठेवा. कोणी दूरचा पुतण्या उभा राहायचाच असेल तर तो बयाण्याची मोठी रक्कम जाण्याआधी उभा राहिलेला बरा.

घरात बसलेले किरायदार

किरायदारासकट घर घेणं सोयीचं वाटतं, पहिल्या महिन्यापासून पैसे सुरू. पण प्रत्येक बिऱ्हाड कोणत्या कागदावर राहतं ते बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ विदर्भालाही लागू आहे. त्याआधी आपल्याकडे १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता. महाल, इतवारी, सीताबर्डीकडे त्या काळापासूनची कुटुंबं नाममात्र किरायावर आजही आहेत, आणि घर विकलं म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. नवख्यानं असं घर घेऊ नये.

लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याच्या करारावर असलेल्याचं तसं नाही. त्याची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट रक्कमही मागता येते. मात्र त्यासाठी करार नोंदवलेला हवा. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे झालं, हा समज आपल्याकडे फार आहे. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का आणि नोंदणी शुल्क शहरात १,००० रुपये. एवढ्यासाठी नोटरीवर थांबू नका.

ज्याच्याकडे काहीच कागद नाही आणि जो पंधरा वर्षं राहतोय, त्याचा ब्लॉक रजिस्ट्रीच्या दिवशी रिकामा करून मागा किंवा नवा नोंदणीकृत करार झाल्यावरच व्यवहार करा. माणूस चांगला आहे की वाईट, हा प्रश्नच नाही. आमच्याकडे असेच एक काका होते, पोस्टातून निवृत्त झालेले, दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः येऊन पैसे द्यायचे. त्यांच्यासोबतही आम्ही करार नोंदवला. ते म्हणाले, "बरं केलं बेटा, आता मलाही कोणी उठ म्हणू शकत नाही अकरा महिने."

बयाण्यापासून ताब्यापर्यंत

बयाणा लहान ठेवा आणि बयाणापत्रात लिहून घ्या: कागदांत दोष निघाला किंवा बँकेनं मंजूर भागावर ठरलेलं कर्ज दिलं नाही तर रक्कम परत. आमच्या बयाणापत्रात ही एक ओळ असती तर सोनं गहाण गेलं नसतं. व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख देऊ-घेऊ नका. 'थोडे रोखीत द्या' म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे नाही म्हणा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस (मालकाच्या रकमेतून आधीच कापायचा आयकर) कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे, हे मालकाला आधीच सांगून ठेवा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किंमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि मुद्रांक शुल्क त्या किंमतीत धरत नाही. म्हणून स्वतःची रक्कम नेहमी वाटते त्यापेक्षा जास्त लागते.

पितृपक्षात आपल्याकडे फार कोणी सौदा करत नाही. त्या पंधरा दिवसांत मालकाला घाई असेल तर भावावर शांतपणे बोलता येतं, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात तसं होत नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी विक्रीपत्रात प्रत्येक किरायदाराचं नाव, त्याचा किराया आणि मालकाकडे असलेलं त्याचं डिपॉझिट लिहा, आणि ती डिपॉझिटं उरलेल्या रकमेतून वळती करून घ्या. नाहीतर दोन वर्षांनी किरायदार जाताना पैसे तुमच्याकडे मागेल आणि जुना मालक फोन उचलणार नाही. त्याच संध्याकाळी प्रत्येक मीटरचं रीडिंग फोटोत घ्या, किरायदारांना नव्या खात्याचा नंबर लेखी द्या, पोलिसांकडे त्यांची माहिती द्या. मीटर, पाण्याची जोडणी आणि मालमत्ता कर आपल्या नावावर करायचे अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

गच्चीवर चढून पाण्याच्या टाकीचं झाकणही बघा. आमच्या घरी ते तुटलेलं होतं आणि आत कबुतराची पिसं होती. आम्ही पहिला खर्च त्या झाकणावर केला, साडेचारशे रुपये.